तिरपागडे प्रश्न, सरळ विचार: अमेरिकी कॉलेजांचे चमत्कारिक निबंध कसे लिहावेत

बारावीनंतर अमेरिकेत बॅचलर्ससाठी अर्ज करणाऱ्या मुलांना कॉमन अ‍ॅपच्या, म्हणजे अनेक कॉलेजांना चालणाऱ्या एकाच ऑनलाइन अर्जाच्या, मुख्य निबंधाची बऱ्यापैकी कल्पना असते. सात प्रश्नांपैकी एक निवडायचा, 250 ते 650 शब्द लिहायचे, आणि सातवा प्रश्न म्हणजे ‘तुमच्या आवडीचा विषय’. गाडी अडते ती पुढे, प्रत्येक कॉलेजनं स्वतः विचारलेल्या सप्लिमेंट निबंधांपाशी. युनिव्हर्सिटी ऑफ शिकागो तर अशा प्रश्नांसाठीच ओळखली जाते. ‘एक्स शोधा.’ ‘सफरचंदं आणि संत्री यांची तुलना नेमकी कशी करायची?’ ‘ऑड नंबर्समध्ये एवढं ऑड काय आहे?’ हे तिथे प्रत्यक्ष विचारलेले प्रश्न आहेत. अलीकडच्या एकात म्हटलं होतं, की हॉट डॉगला कदाचित सँडविच म्हणता येईल, सीरियललाही कदाचित सूप म्हणता येईल. पण अमुक म्हणजे तमुक आहे का? ‘अमुक’ आणि ‘तमुक’ दोन्ही विद्यार्थ्यानं भरायचे. यातले बरेच प्रश्न तिथल्याच आजी-माजी विद्यार्थ्यांनी सुचवलेले असतात.

असा प्रश्न समोर आला की मुलं दोनपैकी एक करतात. एक तर विनोदी व्हायला धडपडतात, नाहीतर प्रश्न बाजूला सारून आपल्या रोबोटिक्स क्लबवर येतात. दोन्हींत नुकसान आहे. प्रश्न तिरपागडा असला म्हणून उत्तर तिरपागडं लागत नाही. हा मुलगा किंवा ही मुलगी एखादी गोष्ट मनावर घेऊन, स्वतःजवळच्या साहित्यानिशी, शेवटपर्यंत विचार करू शकते का, एवढंच वाचणाऱ्याला बघायचं असतं. खालच्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

1. आधी प्रश्नाची जात ओळखा

पहिली जात व्याख्येची: अमुक म्हणजे तमुक का, दोन गोष्टींची तुलना कशी करायची. इथे कसोटी ठरवावी लागते आणि मग तीच कसोटी ताणून बघावी लागते. दुसरी जात कोड्याची, उदाहरणार्थ ‘एक्स शोधा’. यात प्रश्नाचा अर्थ काय घ्यायचा हा निर्णयच अर्धा निबंध असतो. तिसरी जात कल्पनेची: तुम्हाला एक कोर्स शिकवायला दिला तर कोणता, कोणाला पत्र लिहाल. चौथी जात तुकड्यांची: यादी, तीन शब्द, 50 शब्दांचं उत्तर. तुकड्यांची रीत वेगळी असल्यामुळे त्याबद्दल शेवटाकडे स्वतंत्र लिहिलं आहे.

आणि प्रश्न पूर्ण वाचा. शिकागोच्या प्रश्नांखाली बऱ्याचदा एक-दोन ओळींची पुस्ती असते. सफरचंद-संत्र्यांच्या प्रश्नाखाली संख्याशास्त्र, रसायनशास्त्र, भाषाशास्त्र, तत्त्वज्ञान अशा वाटा सुचवलेल्या होत्या. त्या वाचल्या की कळतं, परीक्षकाला गंमत हवी आहेच, पण गंमतीच्या आत विषयाची पकडही हवी आहे.

2. अर्जात काय सांगून झालंय ते मांडा

एका कागदावर तीन रकाने करा. पहिल्यात मुख्य निबंध. दुसऱ्यात अ‍ॅक्टिव्हिटीजची यादी. कॉमन अ‍ॅपमध्ये 10 जागा असतात आणि प्रत्येकीच्या वर्णनाला 150 अक्षरं मिळतात. तिसऱ्यात शिक्षकांच्या शिफारसपत्रांत येईल असं वाटणारं. आता बघा, तुमच्याबद्दलचं काय यात कुठेच नाही. वर्गात दिसत नाही पण घरच्यांना माहीत आहे असं काहीतरी: वस्तू उघडून बघण्याची खोड, भांडणात दोन्ही बाजू मांडण्याची सवय, नकाशांचं वेड. तिरपागड्या निबंधाचा कच्चा माल या रिकाम्या जागेतून येतो. कथ्थकवर मुख्य निबंध असेल तर इथे पुन्हा कथ्थक नको, ते कितीही जवळचं असलं तरी.

3. प्रश्न वाचून निवडू नका, लिहून निवडा

शिकागोत पाच-सहा प्रश्नांतून एक घ्यायचा असतो, शिवाय जुन्या प्रश्नांतून निवडायची किंवा स्वतः प्रश्न तयार करायची मुभा असते. त्यातले तीन घ्या. प्रत्येकावर 20 मिनिटं गजर लावून, न थांबता, न खोडता लिहा. मराठीत सुचलं तर मराठीत लिहा, नंतर इंग्रजीत आणता येतं. दुसऱ्या दिवशी तिन्ही वाचा. ज्यात शेवटी तुम्हालाच नवा प्रश्न पडलेला दिसतो, तो घ्या. ज्यात दहाव्या मिनिटाला सगळं सांगून संपलं, तो कितीही चटपटीत वाटला तरी सोडा. तो 650 शब्द तगणार नाही.

स्वतःचा प्रश्न तयार करण्याचा पर्याय पहिल्यांदाच लिहिणाऱ्यानं शक्यतो घेऊ नये. आधीच लिहिलेला एखादा निबंध खपवण्यासाठी तो प्रश्न बेतलेला आहे, हे वाचणाऱ्याला पटकन कळतं.

4. पहिल्या तीन कल्पना फेकून द्या

हॉट डॉगचा प्रश्न वाचून महाराष्ट्रातल्या मुलाला पहिल्यांदा वडापाव आठवणार, मग मिसळ, मग क्रिकेट. यात चूक काही नाही, पण त्याच वर्षी तोच प्रश्न घेणाऱ्या इतरांनाही तेच आठवणार. म्हणून दहा कल्पनांची यादी करा आणि चौथ्यापासून पुढेच बघा. यादी भरत नसेल तर विषयाऐवजी जागा आठवा: एसटीचा डेपो, आजोबांची पेन्शनची फाइल, सोसायटीची वार्षिक सभा, शाळेच्या प्रयोगशाळेतलं बंद कपाट. प्रश्न त्या जागेत नेऊन ठेवा आणि तिथे तो कोणाला पडेल ते बघा.

5. एक कल्पना शेवटपर्यंत न्या

बहुतेक निबंध इथेच पडतात, म्हणून एक नमुना पूर्ण उघडून दाखवतो. प्रश्न: ‘ऑड नंबर्समध्ये एवढं ऑड काय आहे?’

समजा, विद्यार्थिनीला आठवली लग्नातली आहेराची वही. लग्न झाल्यावर घरात पाकिटं उघडली जातात, एक जण नाव आणि रक्कम वाचतो, दुसरा लिहून घेतो. 101, 251, 501, 1001. वर तो एक रुपया असतो म्हणून सगळ्या रकमा विषम. इथवर ही फक्त चांगली जागा आहे, निबंध अजून झालेला नाही.

पहिलं वळण सोपं: एक रुपया का? रक्कम सारखी विभागली जाऊ नये, व्यवहार शून्यावर संपू नये, नातं पुढे चालू राहावं, हे घरोघरी दिलं जाणारं उत्तर. बरेच जण इथेच थांबतील आणि ‘माझ्या संस्कृतीनं मला नाती जपायला शिकवलं’ असा शेवट करतील. इथे थांबू नका.

दुसरं वळण: वहीतल्या सगळ्या रकमा विषम असतील तर एकूण बेरजेबद्दल काय सांगता येईल? विषम संख्या सम वेळा मिळवल्या की बेरीज सम येते. म्हणजे 48 पाकिटं असतील तर एकूण रक्कम सम आलीच पाहिजे, ती कितीही लाखांत असो. विषम आली तर कुठेतरी काहीतरी वेगळं आहे. एका रुपयाच्या रिवाजानं घराला, कोणाच्याही नकळत, हिशेब तपासायची युक्ती देऊन ठेवली आहे. इथे निबंध जिवंत झाला, कारण ही गोष्ट वाचणाऱ्याला आधी ठाऊक नव्हती आणि ती त्याला जागच्या जागी करून बघता येते.

तिसरं वळण सर्वांत महत्त्वाचं, कारण इथे स्वतःच्याच युक्तीवर हल्ला करायचा आहे. 501 च्या जागी चुकून 1501 लिहिलं तर? दोन्ही विषम, चूक पकडली जाणार नाही. आणि बेरीज विषम आली, वही चाळली, आणि सापडलं नुसतं 500, तर ती लिहिणाऱ्याची चूक की तसं देणारा पाहुणा? कदाचित त्याच्याकडे हा रिवाज नसेल. कदाचित सुटा रुपया जवळ नसेल. नियम फक्त ‘इथे बघ’ म्हणतो. जे सापडलं ती चूक आहे की माणूस, हे तो सांगू शकत नाही.

चौथं वळण: मग 1501 पकडणारी युक्ती कशी असेल? इथून मुलगी तपासणी-अंकाकडे जाते. आधार क्रमांकाचा बारावा अंक हा आधीच्या अकरा अंकांवरून काढलेला असतो, आणि त्यामुळे एखादा अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले तर ते पकडता येतं. आहेराच्या वहीतून निघून ती संगणकशास्त्राच्या दारात पोचली, आणि ‘मला कॉम्प्युटर सायन्सची आवड आहे’ हे वाक्य तिला एकदाही लिहावं लागलं नाही.

शब्दांची वाटणी साधारण अशी: वही आणि पाकिटं 80, रिवाज 100, बेरजेची युक्ती 180, पाचशेचं पाकीट 150, तपासणी-अंक 100. उरलेले 40 जोडकामाला. रिवाजाचा भाग सांगायला सोपा आणि रंगीत असल्यामुळे तो हळूहळू 250 शब्द खातो, तिथे कात्री चालवावी लागते.

सुरुवातीचं वाक्य कसं असावं? ‘प्राचीन काळापासून मानवाला संख्यांचं आकर्षण वाटत आलं आहे’ असं नको. ‘आमच्या आहेराच्या वहीत 47 विषम आकडे होते आणि एक सम’ असं हवं. दुसऱ्या वाक्यात पुढचा प्रश्न आधीच बसलेला आहे. नमुना उचलू नका, हे सांगायला नको. वळणं कशी घेतली ते उचला. स्वतःच्या कल्पनेला चारदा विचारा: बरं, मग? आणि त्यांतल्या एका वेळी तरी स्वतःला खोटं पाडायचा प्रयत्न करा.

6. लांब लिहा, मग कापा

शिकागो या निबंधाला कडक शब्दमर्यादा घालत नाही, पण 650 च्या आसपास राहा असं सुचवते. ‘शिकागोच का’ हा वेगळा निबंध सगळ्यांना लिहावाच लागतो, त्याला 250 ते 500 शब्द सुचवलेले आहेत. पहिला ड्राफ्ट 900 ते 1000 शब्दांचा होऊ द्या. मग दोन दिवस उघडू नका. कापताना आधी पहिला परिच्छेद झाकून दुसऱ्यापासून वाचा. बऱ्याचदा निबंध तिथेच सुरू होतो. मग शेवटचा परिच्छेद झाका. त्यात ‘या सगळ्यातून मी शिकले की’ असं काही असेल तर तो पूर्ण काढा. राहिलेलं मोठ्यानं वाचा. जिथे श्वास अडखळतो ते वाक्य तोडा.

मराठी शब्द वापरायचे असतील तर बेधडक वापरा, पण त्यांचा अर्थ वाक्याच्या ओघात पाच-सहा शब्दांत कळला पाहिजे. कंसात अर्थ देत गेलात तर तो वाचणाऱ्याला माहितीपत्रक वाटेल. एका निबंधात दोन-तीनपेक्षा जास्त अनोळखी शब्द नकोत. लाख, कोटी अमेरिकी वाचकाला अडवतात, तिथे 1,00,000 ऐवजी 100,000 लिहा. ‘पास्ड आउट’चा तिकडे पहिला अर्थ ‘बेशुद्ध पडलो’ असा घेतला जातो, आणि ‘ट्यूशन्स’ म्हटलं की त्यांना कॉलेजची फी आठवते. भारतीय स्पेलिंग मात्र बदलायची गरज नाही.

7. कुठे बिघडतं आणि का

घरात कोणी एमएस करून आलेलं असेल तर एसओपीची सावली पडते. एसओपी, म्हणजे स्टेटमेंट ऑफ पर्पज, हे मास्टर्सचं कागदपत्र. त्यात उद्दिष्ट, प्रोजेक्ट, प्राध्यापकांची नावं, पुढची योजना असा क्रम असतो. बॅचलर्सच्या निबंधात तो सांगाडा आणला की मूल दिसेनासं होतं. दादा किंवा ताईनं प्रेमानं दिलेली फाइल वाचा आणि बंद करा.

दुसरी सावली वक्तृत्व स्पर्धेची. आवाज चढत जातो, प्रश्नावर प्रश्न येतात, शेवटी संदेश. व्यासपीठावर हे शोभतं. कागदावर, दिवसभर असे अर्ज वाचणाऱ्या माणसासमोर, ते ओरडल्यासारखं वाटतं. सुविचारानं किंवा शब्दकोशातल्या व्याख्येनं सुरुवात हाही याच घरातला प्रकार.

तिसरं, रूपाची हौस. निबंध कोडच्या स्वरूपात, पाककृतीच्या स्वरूपात, कोर्टाच्या निकालाच्या स्वरूपात. रूप काढून साध्या गद्यात लिहिलं तर काही हरवतं का, एवढं बघा. हरवत नसेल तर रूप काढा. आहेराचा निबंध वहीच्या रकान्यांत लिहिला असता तर फक्त वाचायला त्रास झाला असता.

विनोद असू द्या, पण तो कोणाच्या पडण्यावर उभा नको. कामवाल्या मावशींचं इंग्रजी, रिक्षावाल्याचा चकवा, आजीचा मोबाइलशी झगडा: या गोष्टी घरात हसायला ठीक वाटतात, कागदावर त्या लिहिणाऱ्याची उंची दाखवतात. हेच उलट्या बाजूनंही खरं आहे. गरिबाघरची एक भेट आणि त्यातून मला आलेली जाण, असा निबंध त्या माणसाला साधन बनवतो. त्यापेक्षा त्यानं काय केलं, कसं केलं, हे नीट लिहा.

मग हातांची गर्दी. बाबा एक वाक्य बदलतात, न्यू जर्सीचे काका दुसरं, क्लासचे सर शब्द ‘भारी’ करतात, काउन्सेलर शेवट लिहून देतात. प्रत्येकाची दुरुस्ती स्वतंत्रपणे बरोबर असते आणि निबंध मात्र कोणाचाच राहत नाही. वाचायला दोघांनाच द्या, एक तुम्हाला ओळखणारा आणि एक न ओळखणारा. पेन देऊ नका, तीन प्रश्न द्या: कुठे कंटाळा आला, कुठे कळलं नाही, माझ्याबद्दल काय नवं कळलं. तिसऱ्याचं उत्तर ‘हुशार आहेस’ एवढंच आलं तर पाचव्या पायरीकडे परत जा.

एआयकडून लिहून घेण्याबद्दल स्पष्ट सांगायला हवं. एआयनं तयार केलेला आशय स्वतःचा म्हणून देणं कॉमन अ‍ॅपच्या नियमांत फसवणूक धरलं जातं. शिवाय या प्रकारच्या प्रश्नांत ते मुळातच उपयोगाचं नाही, कारण तिथून येतात त्या वर सांगितलेल्या पहिल्या तीन कल्पना.

8. तुकड्यांचे प्रश्न

स्टॅनफर्ड भावी रूममेटला 100 ते 250 शब्दांत चिठ्ठी लिहायला सांगतं. चिठ्ठी म्हणजे चिठ्ठीच: खोलीत तिसऱ्या दिवशी काय दिसेल ते सांगा. पहाटे पाचला रियाज असेल तर लिहा आणि त्यावर तोडगाही सुचवा. पुरस्कार रूममेटला कोणी सांगत नाही.

युनिव्हर्सिटी ऑफ पेनसिल्व्हेनियानं गेल्या काही वर्षांत, ज्याचे आभार मानायचे राहून गेले अशा व्यक्तीला 150 ते 200 शब्दांचं पत्र मागितलं आहे. ते त्या व्यक्तीला उद्देशूनच लिहा. ‘माझी आई ही माझी प्रेरणा आहे’ हे आईला कोणी लिहीत नाही. एक दिवस, एक कृती, तिचा परिणाम, पुरे.

वेक फॉरेस्ट युनिव्हर्सिटी ‘टॉप टेन’ यादी मागते, प्रत्येक ओळ जास्तीत जास्त 100 अक्षरांची. यादीचा विषय अरुंद हवा: ‘माझी आवडती पुस्तकं’पेक्षा ‘शेवटची दहा पानं मी वाचली नाहीत अशी पुस्तकं’. क्रमालाही अर्थ हवा, पाचवी आणि सहावी ओळ अदलाबदल करून काही बिघडत नसेल तर यादी अजून ढिली आहे. युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्निया स्वतःला तीन शब्दांत मांडायला सांगते. तिथे तीन समानार्थी विशेषणं वाया जातात. तिसरा शब्द पहिल्या दोघांशी थोडा भांडणारा असू द्या. येलचं ‘कोणता कोर्स शिकवाल, कोणतं पुस्तक लिहाल’ हे 200 अक्षरांत बसवायचं असतं. त्यात नाव आणि अभ्यासक्रमातलं एक नेमकं प्रकरण एवढंच मावतं, प्रस्तावना नको. हे प्रश्न आणि मर्यादा दर वर्षी थोड्या बदलतात, त्यामुळे मागच्या वर्षीच्या मुलाची यादी न वापरता चालू वर्षाची पाहा.

9. वेळेचा हिशेब

कॉमन अ‍ॅपचं नवं वर्ष 1 ऑगस्टला उघडतं. लवकर अर्ज करण्याच्या ‘अर्ली’ फेरीच्या बऱ्याच तारखा 1 नोव्हेंबरच्या आहेत, म्हणजे साधारण दिवाळीच्या तोंडावर. रेग्युलर फेरी जानेवारीच्या सुरुवातीला, जेव्हा बारावीच्या पूर्वपरीक्षा, जेईई मेनचं पहिलं सत्र आणि बोर्डाच्या प्रात्यक्षिकांची तयारी एकत्र येते. त्यामुळे अकरावीनंतरच्या मे महिन्यात दुसऱ्या पायरीचा कागद आणि जुन्या प्रश्नांवर 20 मिनिटांचा सराव, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात खरे प्रश्न आणि निवड, गणपतीपर्यंत पहिला ड्राफ्ट, सप्टेंबरअखेर दोन वाचक, असा क्रम धरा. एका तिरपागड्या निबंधाला तीन ते चार आठवडे लागतात. त्यांतला निम्मा वेळ न लिहिता जातो, तो वाया गेला असं समजू नका.

निबंध वेगळ्या फाइलमध्ये लिहा आणि शेवटी ऑनलाइन अर्जातल्या पेटीत चिकटवा. चिकटवल्यावर परिच्छेदांमधली जागा आणि अवतरणचिन्हं तपासा, ती बऱ्याचदा विस्कटतात. दुसऱ्या कॉलेजसाठी बेतलेल्या मजकुरात पहिल्याचं नाव राहिलं नाही ना, हे फाइलमध्ये शोध लावून बघा. प्रिव्ह्यूची पीडीएफ उघडून शेवटची ओळ पूर्ण आली आहे का बघा, ती घरच्या एकाला वाचायला द्या, आणि तारखेच्या दोन दिवस आधी सबमिट करा.